दुसरं काय आहे?

प्रत्येक धंद्यात एकेक वाक्य असं असतं, की ते कानावर पडलं की पोटात गोळा उठतो. बँकेतल्या माणसाला 'ऑडिटर आलेत' हे तसलं वाक्य आहे. मी गेली वीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो. ऑडिटर पाहिले, २०१६ ची नोटाबंदी पाहिली, पेन्शनच्या दिवशी सर्व्हर झोपलेला असताना समोर जागी असलेली रांगही पाहिली. पण यांतल्या कशानंही माझा जेवढा थरकाप उडाला नाही, तेवढा रोज रात्री साडेआठला घरी उडतो. उच्चारणाऱ्याचं वय सहा वर्षं, वजन वीस किलो, समोरचे दोन दात पडलेले. ताट समोर येतं. चिरंजीव त्याच्याकडे बघतात. कर्जाचा अर्ज नामंजूर करायचा हे आधीच ठरवून आलेला मॅनेजर जसा कागदपत्रं चाळतो, तसं एका बोटानं भाजी चाळतात. आणि विचारतात,

"दुसरं काय आहे?"

झालं. घरात धावपळ सुरू. आई देवघरातून म्हणते, "असू दे गं, लेकरू आहे, तूपसाखर-पोळी दे." आमची ही कणकेचे हात तसेच ठेवून म्हणते, "धिरडं घालू का पटकन?" चिरंजीव विचार करतात. धिरडं मंजूर होतं. धिरडं येतं. "हे जाड आहे." मग पातळ धिरडं. तोवर भूक मेलेली असते. मग दूध-बिस्किटं. मी कॉमर्सचा पदवीधर. प्रत्येक नावे नोंदीला एक जमा नोंद असते हे मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. पण प्रत्येक दोडक्याला एक धिरडं असतं, ही डबल एन्ट्री मला लग्नानंतर कळली.

आमची मिरज हे मोठं जंक्शन. २०१६ च्या एप्रिलात लातूर तहानेनं व्याकूळ झालं, तेव्हा पाण्याची आगगाडी इथूनच सुटली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर काटून कृष्णेचं पाणी लातूरकरांच्या घशात उतरलं. त्याच मिरजेत ताटापासून तोंडापर्यंतचं वीतभर अंतर दोडक्याच्या एका फोडीला वर्षभरात पार करता आलेलं नाही.

भोपळ्याचं तर विचारूच नका. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आमच्या सतारमेकरांच्या गल्लीत येऊन तंबोरा होतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. तो भोपळा खायचा नव्हे, मान्य. पण त्याच्या खायच्या भावाला आमच्या घरात कुत्रं विचारीत नाही. एक भाऊ मैफिलीत, एक भाऊ ताटाच्या कडेला.

आता तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ पोराच्या नावानं रडायला बसलाय. नाही, वाचकहो. माझं भांडण पोराशी नाही. सहा वर्षांच्या माणसानं नको म्हणायचं नाही तर कुणी म्हणायचं? माझं भांडण आहे ते 'दुसरं' या शब्दाशी. आणि त्याहून जास्त, हा शब्द घराघरात चालू खात्यासारखा उघडून देणाऱ्या मंडळींशी.

यांतले पहिले आरोपी म्हणजे तक्तेवाले. 'चोखंदळ मुलांसाठी तीस दिवस, तीस डबे.' हा तक्ता शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. ग्रुपवरून आमच्या फ्रिजच्या दारावर येतो. सोमवारी बिटाची इडली. मंगळवारी पालक-पनीरचे रोल. बुधवारी गाजराची फुलं लावलेली सँडविचेस. गुरुवारी उपम्याचा हसरा चेहरा. हा तक्ता करणाऱ्या बाईंना एकही मूल नसावं, किंवा चार स्वयंपाकी असावेत. आमच्या हिनं तो गुरुवारचा चेहरा केला. रव्याचे गाल, टोमॅटोचे ओठ आणि तासगावच्या बेदाण्यांचे डोळे. चिरंजीव खूश झाले. त्यांनी दोन्ही डोळे काढून खाल्ले आणि आंधळा उपमा परत केला.

"दुसरं काय आहे?"

या तक्त्याचा दोष त्यातल्या पदार्थांत नाही. बिटाची इडली चांगली लागते. मीच खाल्ली सगळी. दोष त्यातल्या शिकवणीत आहे. तक्ता आईला सांगतो, तुझं पोर जेवत नाही कारण तुला सुचत नाही. पोराला सांगतो, तू बसल्या जागी नाही म्हण, उद्या नवा खेळ येईल. तीस दिवसांत तीस पदार्थ केले, तर एक पदार्थ ओळखीचा व्हायला पोराला वेळ कुठला? शेजारी रोज नवा आला, तर आपण तरी कुणाला घरात घेऊ का?

दुसरे आरोपी लपवालपवीवाले. "पालक खात नाही? पराठ्यात लपवा. गाजर खात नाही? सॉसमध्ये लपवा." जणू पालक म्हणजे काळा पैसा! शिवाजी महाराजांनी गनिमी कावा स्वराज्यासाठी वापरला. आपण तो दुधीच्या बाबतीत वापरतो. भाज्या घातलेला पराठा वाईट आहे असं मी म्हणत नाही. उघडपणे 'हा पालकाचा पराठा' म्हणून वाढा ना! पण लपवलं की दोन गोष्टी होतात. पोटात गेला तरी पालक पोराच्या ओळखीचा होत नाही. आणि एक दिवस पराठ्याच्या पोटात हिरवा धागा सापडतो, त्या दिवसापासून पोराचा पराठ्यावरचाही विश्वास उडतो. आमच्याकडे असा धागा सापडल्याला सहा महिने झाले. अजून प्रत्येक पराठा आधी उजेडात धरून, नोटेतली तार बघावी तसा तपासला जातो.

तिसरे आरोपी लाचखोर. यात मी स्वतः आहे, म्हणून या कलमाची मला चांगली माहिती आहे. "भाजी संपवलीस तर चॉकलेट." बँकेच्या धंद्यात याला एव्हरग्रीनिंग म्हणतात. जुनं कर्ज फिटत नाही, म्हणून ते फेडायला नवं कर्ज द्यायचं. कागदावर खातं हिरवंगार, आतून बुडीत. चॉकलेटच्या मोबदल्यात भाजी खाल्ली, की पोर मनाशी पक्कं नोंदवतं की भाजी हे काम आणि चॉकलेट हा पगार. कामावर कुणाचं प्रेम असतं, साहेब? बालमानसशास्त्राच्या प्रयोगांतही हेच दिसलंय. बक्षीस लावून खाऊ घातलेला पदार्थ मुलांना पुढं जास्त नाही, कमीच आवडतो. मला हे प्रयोगाशिवाय कळायला हवं होतं. इन्सेंटिव्ह मिळतो म्हणून विमा पॉलिसी विकणारे आम्ही कारकून; विमा विकण्याची गोडी लागल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

चौथा आरोपी मोबाईल. पूर्वी काऊचा घास आणि चिऊचा घास असायचा. त्यात निदान कावळ्या-चिमणीचं नाव घेऊन पोराच्या तोंडाकडे बघणारं एक माणूस असायचं. आता पोर पडद्याकडे बघतं, आई पोराच्या तोंडाकडे बघते, आणि तोंड आपलं आपण उघडतं. टपालपेटीत पत्रं टाकावीत तसे घास आत पडतात. पोट भरतं, पण जेवण झालेलं नसतं. काय खाल्लं म्हणून विचारा, सांगता येत नाही.

हे सगळे आरोप करून झाल्यावर मी एका रविवारी हिशेबाला बसलो. सवय. पोर जेवत नाही, जेवत नाही म्हणतात, तर त्या दिवसाचं किरकोळ खर्चाचं बुकच लिहून काढलं. सकाळी साडेसात : चॉकलेटची पूड घातलेलं दूध, मोठा पेला. नऊ : बिस्किटं चार. ("दोनच दिली होती" – ही. "दोन मी दिली" – आई.) साडेदहा : कुरकुरीत काहीतरी, पुडी एक. साडेअकरा : शेजारच्या काकूंकडून बर्फी. पाऊण वाजता : जेवायला बोलावलं, भूक नाही. दोन : जेवला नाही म्हणून पुन्हा दूध. चार : बेकरीचं खारं. सहा : जयसिंगपूरहून आलेला भडंग, अर्धी वाटी, वर गोळ्या दोन. साडेआठ : "दुसरं काय आहे?"

आता सांगा, हे पोर जेवत नाही? हे पोर दिवसभर जेवतंय! फक्त जेवणाच्या वेळी सुट्टी घेतंय. या वयाच्या पोटाची शिल्लक मर्यादा ती केवढी? दिवसभर दहा-दहा रुपये काढून झाल्यावर संध्याकाळी मोठा चेक आला, तर तो परत जाणारच. त्यावर 'खात्यात शिल्लक नाही' असा शेरा मारायच्या ऐवजी आपण 'मूल चोखंदळ आहे' असा शेरा मारतो.

बरं, चोखंदळपणा हा काही नवा रोगही नाही. दोन ते सहा या वयात बहुतेक मुलं अनोळखी अन्नाला बिचकतात. रांगणारं पोर चालायला लागतं, आईच्या नजरेआड जातं, तेव्हा दिसेल ते झाडपाल्याचं तोंडात घालू नये, म्हणून निसर्गानंच केलेली ही सोय असावी असं जाणकार मानतात. आपण मात्र पोरानं मेथी नाकारली की गावभर सांगतो. आणि एखादी भाजी आपलीशी वाटायला मुलाच्या ताटात ती आठ-दहा वेळा, काहींच्या बाबतीत पंधरा वेळासुद्धा यावी लागते, असं या विषयावरचे अभ्यास सांगतात. आपण किती वेळा वाढतो? तीन. तिसऱ्या नकाराला 'आमच्याकडे मेथी चालत नाही' असं जाहीर करून टाकतो. अहो, कर्जदार थकला तर बँकसुद्धा नव्वद दिवस थांबते, मग त्याला एन.पी.ए. म्हणते! मेथीला तीन दिवसांत बुडीत खात्यात टाकायचं?

अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरबाई होऊन गेल्या. १९२० च्या दशकात त्यांनी एक प्रयोग सुरू केला आणि १९३९ साली त्याची हकीकत मांडली. नुकतीच अंगावरून सुटलेली १५ बाळं घेतली. ३४ पदार्थांची यादी केली : धान्यं, फळं, भाज्या, दूध, अंडी, मांस. यातले निरनिराळे पदार्थ बाळांपुढे ठेवायचे आणि परिचारिकेनं शेजारी गप्प बसायचं. हे खा म्हणायचं नाही, ते नको म्हणायचं नाही. बाळांनी एका जेवणात भलतंच काही आणि दुसऱ्यात आणखी भलतंच खाल्लं; पण सगळी धडधाकट वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळापुढे कॉडलिव्हर ऑईलचा पेला ठेवला होता. बरं होईपर्यंत ते ते पीत राहिलं, मग सोडून दिलं. आता हे ऐकून कुणी म्हणेल, "बघा, मुलाला जे हवं ते द्या!" थांबा. बाईंनी स्वतःच सांगून ठेवलंय, की खरी गोम यादीत होती. त्या ३४ पदार्थांत बिस्किट नव्हतं, मिठाई नव्हती, पुडीतलं काही नव्हतं. निवड बाळांची होती, पण दुकान बाईंचं होतं.

यापुढचं शहाणपण एलिन सॅटर नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. काय वाढायचं, कधी आणि कुठं, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. दोघांनी एकमेकांच्या टेबलावर जायचं नाही. हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. अहो, ही तर आमची मेकर-चेकर पद्धत! एकानं व्हाउचर करायचं, दुसऱ्यानं मंजूर करायचं. एकाच माणसानं दोन्ही केलं की घोटाळा. आमच्या घरी हाच घोटाळा चालला होता. काय करायचं हे पोर ठरवत होतं आणि किती खायचं हे आम्ही!

"पण उपाशी राहील की हो!" हा सगळ्यांत मोठा आक्षेप. आईनं तो घेतला, डोळ्यांत पाणी आणून घेतला. आता जे मूल खरंच वाळत चाललंय, ज्याला घास गिळवत नाही, एखाद्या पदार्थानं अंगावर पित्त उठतं, किंवा जे कशाच्याही स्पर्शानं-वासानं कासावीस होऊन दोन-तीन पदार्थांपलीकडे जाऊच शकत नाही, त्याची गोष्ट निराळी. त्याला शिस्त नको, डॉक्टर दाखवायला हवा. १८९४ साली वान्लेस साहेबांनी इथं दवाखाना काढल्यापासून मिरजेत त्यांचा तुटवडा नाही. दगड मारला तर एखाद्या डॉक्टरच्याच पाटीला लागेल. पण आमचे चिरंजीव त्यांतले नव्हेत. दुपारी जेवायला नको म्हणून चार वाजता गल्लीत क्रिकेट खेळताना ते चार षटकार मारतात. एका जेवणाला नाही म्हटलेलं धडधाकट पोर पुढच्या जेवणाला वाघासारखं येतं. फक्त मधे बिस्किटांची लाच होता कामा नये.

आणि 'दुसरं' हा शब्द कुणाला परवडतो, हेही एकदा बघावं. पोरांना 'गरिबांच्या मुलांना बघ' असलं व्याख्यान मी देत नाही. आमच्या लहानपणी ते आम्हाला दिलं जायचं आणि त्यानं एकाही कारल्याचं भलं झालं नाही. हे मी मोठ्यांना सांगतोय. देशभर १९९५ साली शाळेतल्या आहाराची योजना सुरू झाली. आपल्याकडची खिचडी तीच. २०२१ पासून तिचं नाव पीएम पोषण. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ. ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिनं. रोज खिचडी खाऊन पोरं कंटाळतात, म्हणून २०२४ साली राज्य सरकारनं पंधरा पाककृतींचा तक्ता काढला. भाताचे प्रकार, मोडाची कडधान्यं आणि खीर. छान होतं. त्याच्या आधीच, २०२३ च्या नोव्हेंबरात, आठवड्याला एक अंडंही ठरलं होतं. २०२५ च्या जानेवारीत नवा आदेश निघाला : अंडी आणि साखर यांसाठी सरकारी पैसा नाही, हवं तर लोकांकडून जमवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस मुलं वयाच्या मानानं खुजी भरली. म्हणजे आमच्या घरात ज्या अंड्याची 'खा रे राजा' म्हणून मनधरणी चालते, ते अंडं तिथं खर्चाच्या रकान्यात बसेना. तक्ता हवाच असेल तर तो तिथं हवा, आणि पैशासकट हवा. आमच्या फ्रिजच्या दारावर नको.

आमच्या शाखेतल्या एका बाईंचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहेत. ते म्हणतात, घरी मटकीला नाक मुरडणारं पोर पंगतीत बसलं की मुकाट खातं. शेजारचा खातोय ना! यात मोठं रहस्य आहे. मूल जिभेनं खायच्या आधी डोळ्यांनी खातं, आणि डोळे ताटाकडे नसतात, शेजारच्या तोंडाकडे असतात.

मग करायचं काय? "नुसता वाद घालू नका, उद्याच्या डब्याचं सांगा," ही म्हणाली. रास्त आहे. त्यासाठी आपल्याला लांब जायचं कारण नाही. १९७० साली 'रुचिरा' लिहून महाराष्ट्रातल्या नवशिक्या सुनांना वाटी-चमच्याच्या मापानं स्वयंपाक शिकवणाऱ्या कमलाबाई ओगले या आपल्याच जिल्ह्यातल्या कुंडलच्या. आमच्या आईकडची 'रुचिरा'ची प्रत हळदीनं इतकी पिवळी झालीय, की ती उकळली तर वरण होईल. तिच्यातही मुलांचे आणि मोठ्यांचे असे दोन संसार मांडलेले नाहीत.

आमच्या भागातला स्वयंपाक तिखट. कांदा-लसूण मसाला मुलाला झेपत नाही, हे शंभर टक्के खरं. तेव्हा तडजोड एकच : तिखट वेगळं, पदार्थ तोच. पातेलं एक. मसाला पडायच्या आधी एक वाटी बाजूला काढायची. पिठलं असेल तर पोराचं पिवळं, आपलं लाल. वरणफळं असतील तर पोराच्या फळांवर तूप, आपल्यावर लसणाची फोडणी. शेंगोळे केले तर पीठ मळताना पोरालाच दोन वळायला द्यावेत. स्वतः वळलेला वाकडा शेंगोळा कुणी परत करत नाही, मग तो कितीही वाकडा असो. मुगाच्या धिरड्यात उघडपणे कोथिंबीर आणि किसलेली काकडी. धपाट्याबरोबर दही. सकाळच्या पोळीची संध्याकाळी फोडणीची पोळी, नाहीतर गूळ-तुपाचा लाडू. उरलेल्या भाताचे थालीपीठ. ताप येऊन गेला असेल तर ज्वारीच्या कण्या, नाहीतर मऊ भात, मेतकूट आणि वर तूप. हिवाळ्यात आंबील नको म्हणेल. उन्हाळ्यात ताकातली गार आंबील मागून घेईल. आणि रोज ताटात एक तरी गोष्ट अशी असावी की जी पोर हमखास खातं : भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी, काहीही. ती सगळ्यांच्याच ताटात असते. ती 'दुसरं' नव्हे. ती पहिल्यातच आहे. आणि नवी भाजी वाढायची ती एक चमचा. ढीग नको. बँकसुद्धा नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी पन्नास लाख देत नाही.

एवढी तयारी करून मी घरात घोषणा केली. सोमवारपासून एक पातेलं. चार ते जेवणापर्यंत पुडी बंद. नको असेल तर नको, पण दुसरं काही नाही. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिच्या नातवावर जप्ती आणलीय.

सोमवारी दोडक्याची भाजी होती. लक्ष्मी मार्केटमधून मीच निवडून आणली होती. ताटं मांडली. चिरंजीवांच्या ताटात एक चमचा दोडका. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं.

"बाबांना दोडका का नाही वाढला?"

माझ्या ताटात बटाट्याच्या काचऱ्या होत्या. नेहमीसारख्या. लग्नाला अकरा वर्षं झाली. दोडका असेल त्या दिवशी माझ्या पुढ्यात काचऱ्या येतात. कुणी विचारत नाही, मी मागत नाही. त्या आपोआप येतात, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन असल्यासारख्या.

"बाबांना दोडका चालत नाही ना," ही म्हणाली. अगदी साधेपणानं म्हणाली. त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं.

"लहानपणापासून," आई म्हणाली. "तुझ्या आजोबांनाही चालत नसे. त्यांच्यासाठी वांगं, ह्याच्यासाठी बटाटा. मग दोडका आणायचाच बंद केला. मला आवडायचा. पण एकटीपुरता कुठं करायचा?"

पंचेचाळीस वर्षांचा मी. तिच्या हातचं खाऊन वाढलो. तिला दोडका आवडतो हे मला त्या सोमवारी कळलं. तिला आणखी काय काय आवडतं आणि किती वर्षांपासून ती ते करत नाही, याचा हिशेब मी मांडायला गेलो आणि तिथंच थांबलो. ते बुक जुळणारं नव्हतं.

म्हणून, वाचकहो, आरोपींच्या यादीत पाचवं नाव लिहून घ्या. तक्तेवाले, लपवालपवीवाले, लाचखोर, मोबाईल आणि बाप. बापाला चालत नाही म्हणून घरात दुसरी भाजी होते, हे पोर पाळण्यातून बघत आलेलं असतं. 'दुसरं काय आहे?' हा प्रश्न त्यानं शोधून काढलेला नाही. मी तो तोंडानं विचारत नाही एवढाच फरक. मला विचारायच्या आधीच उत्तर मिळतं. सगळे तक्ते आईच्या नावानं निघतात. मूल जेवलं नाही तर आईला सुचत नाही, जेवलं तर आईनं युक्ती केली. बापाच्या जिभेबद्दल एकही तक्ता मी पाहिलेला नाही.

मी काचऱ्यांची वाटी बाजूला सारली आणि दोडका वाढून घेतला. कसा लागला म्हणून विचारू नका. पण चिरंजीव बघत होते, तेव्हा तोंड वाकडं करायची सोय नव्हती. एनपीएसुद्धा कधीकधी वसूल होतो, असं मनाशी म्हणत गिळला.

पहिल्या आठवड्यात चिरंजीवांनी दोडक्याला हात लावला नाही. भाकरी आणि दही खाऊन उठले. दुसऱ्या आठवड्यात एक फोड उचलून वास घेतला आणि खाली ठेवली. आमच्या गल्लीत कुणी घाई केली नाही. मिरजेच्या माणसाला एवढं कळायला हवं. सतारमेकर तंबोऱ्याची जवारी काढतो, तेव्हा घोडी जराशी घासतो, तार लावतो, छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. घाई केली तर तार बोलत नाही. आमच्याकडे गावरान भाजीला जवारी म्हणतात, खेड्यात ज्वारीलाही जवारीच म्हणतात. तिन्ही जवाऱ्यांचा धर्म एकच : वेळ द्यावा लागतो.

पाचव्या आठवड्यात कधीतरी ती फोड तोंडात गेली. मी श्वास रोखून बसलो होतो.

"कशी आहे?"

"बरी आहे." मग माझ्या ताटाकडे बोट. "तुम्ही संपवा की. निम्मी ठेवलीय."

म्हणजे सगळं जमलं असं नाही. मेथीचं प्रकरण अजून कोर्टात आहे. कारल्याचा अर्ज मी स्वतःच दाबून ठेवलाय. आई अधूनमधून पदराआडून बिस्किट सरकवते. त्याकडे मी काणाडोळा करतो, तिचं जुनं येणं फार आहे. पण एक गोष्ट झाली. काल रात्री साडेआठला जेवताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. बऱ्याच वेळानं लक्षात आलं. गॅस बंद होता. आमची ही समोर बसली होती, तिच्या ताटात गरम भाकरी होती आणि ती आमच्याबरोबर जेवत होती. चौघं एका वेळी. तवा पुन्हा तापवायचा नव्हता, धिरडं घालायचं नव्हतं.

भाजी पुन्हा दोडक्याचीच होती. दोन घास झाले आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं,

"दुसरं काय आहे?"

तिघांनी एकदम मान वर केली. उत्तर चिरंजीवांनी दिलं. बिनदाताच्या तोंडानं, पण अगदी ऑडिटरच्या आवाजात.

"काही नाही."